चर्च, मराठी भाषा आणि स्थानिक प्रसारमाध्यमे

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
- मराठी ख्रिस्ती नियतकालिकांच्या परंपरेचा थोडक्यात परिचय करून देता येईल;
- धर्मोपदेशाची मराठी आणि वृत्तपत्रीय मराठी यांतील भेद उदाहरणांनी स्पष्ट करता येईल;
- नवी मुंबईसारख्या बहुभाषक नगरात एखाद्या चर्चने स्थानिक माध्यमांशी कसे नाते जोडावे, याची भाषिक अंगाने चर्चा करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, 'व्यवहारातील मराठी' अभ्यासताना आपण कार्यालय, न्यायालय, बाजारपेठ आणि वृत्तपत्र या क्षेत्रांतील भाषेचा विचार केला. धार्मिक संस्थेची भाषा हेही असेच एक व्यवहारक्षेत्र आहे. मंदिर, मशीद, विहार, गुरुद्वारा, चर्च यांपैकी प्रत्येक संस्थेला आपल्या अनुयायांशी बोलावे लागते आणि भोवतालच्या समाजाशीही बोलावे लागते. अनुयायांशी बोलताना समान श्रद्धा व समान शब्दसंग्रह गृहीत धरता येतो. शेजाऱ्याशी बोलताना तसे काहीही गृहीत धरता येत नाही. तेथे स्थानिक वृत्तपत्र, केबल वाहिनी, मासिक, अलीकडे भ्रमणध्वनीवरील समूह अशी माध्यमे उपयोगी पडतात. या माध्यमांची भाषा आणि संस्थेची अंतर्गत भाषा यांत अंतर पडले, तर संदेश पोहोचत नाही. कधी कधी तो उलट्या अर्थाने पोहोचतो.

या घटकात आपण चर्च ही संस्था उदाहरणादाखल घेणार आहोत. याला दोन कारणे आहेत. महाराष्ट्रात ख्रिस्ती समाज संख्येने लहान असला, तरी मराठी मुद्रणाच्या व नियतकालिकांच्या इतिहासात त्याचे काम मोठे आहे. त्यामुळे अभ्यासासाठी जवळजवळ दोन शतकांची सामग्री उपलब्ध होते. दुसरे असे की, लहान समाजाविषयी शेजाऱ्यांच्या मनात जे चित्र तयार होते, ते बहुतांशी माध्यमांतून होते. ते चित्र वर्षातून एकदा छापल्या जाणाऱ्या नाताळच्या छायाचित्रापुरते उरणार की त्या समाजाचे वर्षभराचे जगणे त्यात उमटणार, हा प्रश्न त्या समाजाइतकाच शेजाऱ्यांच्याही हिताचा आहे.

२. पूर्वपीठिका

लोकांपर्यंत पोहोचायचे तर लोकांची भाषा स्वीकारली पाहिजे, ही जाणीव या परंपरेत आरंभापासून दिसते. इंग्लंडमधून गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' हा ग्रंथ ओवीबद्ध मराठीत रचला. तो १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. विषय ख्रिस्ती असला, तरी त्यांनी स्वीकारलेला छंद आणि 'पुराण' हा वाङ्मयप्रकार श्रोत्यांच्या ओळखीचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम कॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथून बायबलची मराठी भाषांतरे छापली. या भाषांतरांची मराठी पुष्कळदा अवघडलेली होती. परक्या वाक्यरचनेचा ठसा तीवर स्पष्ट दिसतो आणि पुढे 'मिशनरी मराठी' हा शब्द काहीशा उपहासाने वापरला जाऊ लागला. स्टीफन्स यांची ओवी आणि ही भाषांतरित गद्यशैली शेजारी ठेवून पाहिल्यास आपल्या विषयाचा गाभा लक्षात येतो. भाषा मराठी असणे पुरेसे नसते. ती ऐकणाऱ्याच्या सवयीची असावी लागते.

३. 'ज्ञानोदय' : एका नियतकालिकाचे दोन धडे

१८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकर यांनी 'दर्पण' सुरू केले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८४२ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर येथे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक काढले. थोड्याच काळात ते मुंबईहून निघू लागले. मराठीतील अत्यंत दीर्घायुषी नियतकालिकांत त्याची गणना होते. धर्मविषयक लेखनाबरोबरच भूगोल, शास्त्रीय माहिती, वर्तमान घडामोडी आणि काष्ठमुद्रित चित्रे त्यात येत असत. पुढे १९१२ पासून १९१९ मधील आपल्या निधनापर्यंत कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी त्याच्या मराठी विभागाचे संपादन केले.

'ज्ञानोदया'च्या आरंभीच्या काळातून आपल्याला परस्परविरुद्ध वाटणारे दोन धडे मिळतात.

पहिला धडा वादाचा आहे. हिंदू धर्मातील रूढींवर 'ज्ञानोदया'तून कडक टीका होत असे. तिचा परिणाम असा झाला की, १८४४ मध्ये मोरभट दांडेकर यांनी मिशनऱ्यांच्या मतांचे खंडन करण्यासाठी 'उपदेशचंद्रिका' हे मासिक सुरू केले. अशा वादांतून मराठी गद्याला धार आली, हे भाषेच्या दृष्टीने लाभाचे ठरले. मात्र संवादाच्या दृष्टीने पाहता दोन्ही बाजू आपापल्या वाचकांसाठीच लिहीत राहिल्या. खंडनमंडनाच्या भाषेने शेजाऱ्याचे मन जिंकले जाते असे दिसत नाही.

दुसरा धडा व्यासपीठाचा आहे. १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत 'ज्ञानोदया'ने महात्मा जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला. दलित स्त्रीच्या लेखनाचा हा अगदी आरंभीचा मुद्रित पुरावा म्हणून आज तो अभ्यासला जातो. येथे ख्रिस्ती नियतकालिकाने आपली जागा अशा व्यक्तीला दिली, जिला त्या काळी दुसरीकडे छापील अक्षर मिळणे दुरापास्त होते. 'ज्ञानोदया'तील कितीतरी वादलेख आज केवळ संशोधकांना ठाऊक आहेत; हा निबंध मात्र पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचला. धार्मिक संस्थेच्या माध्यमाला समाजात स्थान मिळते ते कोणत्या कामामुळे, याचे उत्तर या एका उदाहरणात सापडते.

४. 'निरोप्या' आणि 'सुवार्ता'

१९०३ मध्ये जर्मन जेझुइट फादर हेन्री डोअरिंग यांनी मराठी कॅथलिकांसाठी 'निरोप्या' हे मासिक सुरू केले. डोअरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले. नियतकालिकाचे नाव येथे लक्षात घ्यावे. 'निरोप्या' हा खेड्यापाड्यांतील माणसाच्या तोंडचा शब्द आहे. निरोप पोहोचवणारा माणूस गावात ओळखीचा असतो. तो दारात येतो, बसतो आणि सांगतो. शतकापूर्वी अहमदनगरच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या एका परदेशी धर्मगुरूला हा शब्द सुचावा, यात त्याची भाषिक जाण दिसते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले. एकाने कॅथलिक उपासनेत लोकभाषांच्या वापराचा मार्ग मोकळा केला, तर दुसरा सामाजिक संपर्कमाध्यमांविषयी होता. आपल्या विषयाच्या दोन्ही बाजू, म्हणजे लोकांची भाषा आणि लोकांची माध्यमे, एकाच दिवशी पुढे आल्या हा योगायोग लक्षणीय आहे. १९६७ पासून कॅथलिक चर्च जागतिक संपर्कमाध्यम दिनही पाळते.

वसईच्या 'सुवार्ता' मासिकात या बदलाचे मराठी रूप पाहायला मिळते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात त्याचे संपादन केले. धर्मविषयक मजकुरासोबत साहित्य, पर्यावरण, समाजकारण या विषयांना त्यांनी जागा दिली आणि ख्रिस्तेतर लेखक-वाचकांशी संबंध जोडले. त्याच वेळी ते सर्वसाधारण मराठी वृत्तपत्रांतूनही लिहीत राहिले.

या काळात वसईचा हरित पट्टा संकटात होता. बागायती जमिनींवर बांधकामे येऊ लागली होती, विहिरींचे गोडे पाणी टँकरने उपसले जात होते आणि वाड्यांचे पाणी खारावण्याची भीती होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. त्यात ख्रिस्ती व हिंदू दोन्ही समाजांतील शेतकरी सहभागी झाले. या आंदोलनाची भाषा पाणी, विहीर, वाडी, जमीन या शब्दांची होती. हे शब्द कोणत्याही एका धर्माचे नाहीत. त्यामुळे वार्ताहराला त्यांचा अनुवाद करावा लागला नाही आणि वाचकाला ते परके वाटले नाहीत. धर्मगुरू आंदोलनाच्या अग्रभागी असूनही बातमी पाण्याचीच राहिली.

फादर दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला. तरीही संमेलन पार पडले. त्यांच्या लेखनाची ओळख असलेल्या वाचकांना या निवडीचे समर्थन करण्यासाठी कोणाच्या पत्रकाची गरज नव्हती. चार दशकांच्या सार्वजनिक लेखनाने साधलेला परिचय अडचणीच्या वेळी कसा उपयोगी पडतो, हे यावरून दिसते.

५. उपदेशाची भाषा आणि बातमीची भाषा

आता भाषिक विश्लेषणाकडे वळू. मराठी ख्रिस्ती शब्दसंग्रहाचे माध्यमांच्या दृष्टीने तीन गट पाडता येतात.

(अ) सर्वपरिचित शब्द : 'नाताळ', 'पाद्री', 'क्रूस' हे पोर्तुगीजमधून आलेले शब्द मराठीत रुळले आहेत. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरमधील उत्सवाला मुंबईची माणसे 'जत्रा' म्हणतात आणि कोळी समाज त्या मातेला 'मोतमाउली' म्हणतो. वसईतील जुनी ख्रिस्ती माणसे चर्चला सहजपणे 'देऊळ' म्हणतात. या शब्दांत शेजार मुरलेला आहे.

(आ) दुहेरी अर्थाचे शब्द : 'साक्ष' म्हटल्यावर सामान्य वाचकाला न्यायालय आठवते, ख्रिस्ती मराठीत त्याचा अर्थ आपल्या श्रद्धानुभवाचे कथन असा होतो. 'मंडळी' म्हणजे एरवी घरची किंवा जमलेली माणसे; प्रोटेस्टंट परंपरेत ती स्थानिक चर्चची सभासद-संस्था असते. 'पाळक' हा शब्द तेथे धर्मसेवकासाठी येतो. इतरांना तो गुरे किंवा मूल पाळणारा वाटू शकतो. हे शब्द सर्वांत फसवे असतात, कारण वाचकाला आपल्याला अर्थ कळला असेच वाटते.

(इ) अंतर्गत पारिभाषिक शब्द : 'मिस्सा', 'धर्मग्राम', 'स्नानसंस्कार', 'दृढीकरण' हे शब्द कॅथलिकांना नित्याचे आहेत; इतरांना ते उलगडून सांगावे लागतात. शिवाय पंथापंथांत संज्ञा बदलतात. कॅथलिक 'स्नानसंस्कार' म्हणतात, तर प्रोटेस्टंट 'बाप्तिस्मा' म्हणतात. वार्ताहराने एकाची संज्ञा दुसऱ्याला लावली, तर दोघेही दुखावतात.

पुढील दोन कल्पित मसुदे वाचा.

मसुदा १ : प्रभूच्या अपार कृपेने येत्या रविवारी आपल्या धर्मग्रामात आरोग्यसेवेद्वारे प्रीतीची साक्ष देण्याचे योजिले आहे. तरी सर्व भाविकांनी या आशीर्वादाचे भागीदार व्हावे.

मसुदा २ : नेरूळ येथील चर्चच्या आवारात येत्या रविवारी सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत मोफत नेत्रतपासणी शिबिर होणार आहे. शिबिर सर्वांसाठी खुले असून पूर्वनोंदणीची आवश्यकता नाही. तपासणी स्थानिक रुग्णालयातील डॉक्टर करतील.

पहिला मसुदा रविवारच्या उपासनेनंतर वाचून दाखवण्यास योग्य आहे. त्यात ऊब आहे, सामूहिक 'आपण' आहे. परंतु वृत्तपत्राच्या वाचकाला काय, कोठे, केव्हा, कोणासाठी यांपैकी एकाही प्रश्नाचे पुरते उत्तर त्यातून मिळत नाही. 'भाविकांनी' या शब्दाने ख्रिस्तेतर वाचक नकळत वगळला जातो. 'साक्ष देणे' हे क्रियापद तर त्याच्या मनात संशयही निर्माण करू शकते. नेत्रतपासणीच्या नावाखाली उपदेश होणार काय, असे त्याला वाटेल. दुसऱ्या मसुद्यात 'सर्वांसाठी खुले' या दोन शब्दांनी हा प्रश्न बऱ्याच अंशी मिटतो. येथे श्रद्धा लपवलेली नाही. 'चर्चच्या आवारात' हे स्पष्ट म्हटले आहे.

६. नवी मुंबई : बहुभाषक नगरातील प्रश्न

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे-खाडीच्या पलीकडे आगरी-कोळी समाजाच्या गावांभोवती नवे शहर आखले गेले. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. वसईत चर्च, वाडी आणि बोली शतकानुशतके एकत्र नांदल्या. सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या माणसाला ख्रिस्ती असणे आणि स्थानिक असणे यांत अंतर जाणवत नाही. नवी मुंबईत तसे नाही. येथील ख्रिस्ती रहिवाशांत केरळ, गोवा, मंगळूर, तामिळनाडू येथून आलेली कुटुंबे आहेत, तशीच नगर-मराठवाड्यातून आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. कॅथलिकांतही लॅटिन विधीचे लोक मुंबई महाधर्मप्रांताशी जोडलेले आहेत, तर सिरो-मलबार विधीच्या लोकांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. याखेरीज उत्तर भारतीय चर्च, मार्थोमा, ऑर्थोडॉक्स आणि स्वतंत्र पंथ आहेत.

अशा स्थितीत चर्चचा अंतर्गत व्यवहार इंग्रजी, मल्याळम, कोंकणी वा तमिळ भाषेत चालणे स्वाभाविक आहे. मुंबई महाधर्मप्रांताचे 'एक्झामिनर' हे इंग्रजी साप्ताहिक तर १८५० पासूनचे आहे. परंतु सेक्टरातील दुकानदार, शेजारच्या गावठाणातील कुटुंब, रिक्षाचालक, नगरसेवक आणि स्थानिक वार्ताहर यांची सामायिक भाषा मराठी आहे. चर्चकडून माध्यमांना मराठीत काही जात नसेल, तर वार्ताहर इंग्रजी पत्रकाचा घाईने अनुवाद करतो किंवा काहीच छापत नाही. दुसरा परिणाम समाजाच्या आतच घडतो. घरी मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती मुलाला चर्चच्या एकाही फलकावर आपली भाषा दिसली नाही, तर आपला धर्म एका भाषेतला आणि आपले घर दुसऱ्या भाषेतले, अशी फाळणी त्याच्या मनात होते. मराठी ख्रिस्ती साहित्याचा दीर्घ वारसा असताना असे व्हावे, ही खेदाची गोष्ट आहे.

करोनाकाळाने हा प्रश्न ठळक केला. मार्च २०२० मध्ये सर्व प्रार्थनास्थळे बंद झाली आणि राज्यात ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा उघडली. या काळात उपासना पडद्यावर गेल्या आणि अनुयायांशी संपर्क टिकला. शेजाऱ्यांशी संपर्क मात्र पडद्यावरील उपासनेने साधत नाही. त्यासाठी स्थानिक माध्यमांशी आधीपासून जोडलेले नाते लागते.

७. कार्यपद्धतीची काही सूत्रे

वरील विवेचनातून पुढील सूत्रे हाती येतात. ती इतर धर्मसंस्थांनाही तितकीच लागू पडतात.

१. एक ठरलेली व्यक्ती. मराठी सहजपणे लिहू शकणाऱ्या एका सभासदाकडे माध्यमसंपर्काचे काम असावे. वार्ताहराला माहिती विचारण्यासाठी एकच ठिकाण कळले, की चुका कमी होतात.

२. मूळ मराठीत मसुदा. इंग्रजी पत्रकाचे भाषांतर करण्याऐवजी बातमी मराठीतच योजावी. काय, कोठे, केव्हा, कोण, कोणासाठी यांची उत्तरे पहिल्या दोन वाक्यांत यावीत.

३. छोटी संज्ञासूची. आपल्या पंथातील पंधरा-वीस शब्द, त्यांचे सोपे अर्थ आणि पदनामांची योग्य रूपे एका पानावर लिहून वार्ताहरांना द्यावीत. 'फादर', 'पाळक', 'बिशप', 'सिस्टर' यांपैकी कोणाला काय म्हणावे, हे त्यातून स्पष्ट व्हावे.

४. सणापलीकडची बातमी. नाताळच्या रोषणाईची बातमी माध्यमे स्वतःहून घेतात. रात्रअभ्यासिका, रक्तदान, खारफुटीची स्वच्छता, वृद्धांसाठीचे उपक्रम यांची माहिती संस्थेने द्यायला हवी.

५. इतरांना जागा. चर्चच्या स्वतःच्या पत्रिकेत परिसरातील शिक्षक, सफाई कामगार, प्रकल्पग्रस्त कुटुंबातील तरुण यांचे लेखन यावे. मुक्ता साळवे यांच्या निबंधाने घालून दिलेला हा पायंडा आहे.

६. चुकीची बातमी आल्यास. संपादकाला संयत, तपशीलवार पत्र लिहावे; त्यात चुकीचे वाक्य, योग्य माहिती आणि आधार एवढेच असावे. खंडनमंडनाचा सूर टाळावा.

८. मर्यादा आणि जबाबदारी

राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क समाविष्ट नाही, असा निर्वाळा दिला. या चौकटीत धर्मसंस्थेने सेवा आणि उपदेश यांतील सीमा आपल्या भाषेतही स्पष्ट ठेवावी. शिबिराला येणाऱ्याने प्रार्थनेत सहभागी होण्याची अपेक्षा नसेल, तर तसे सांगावे; प्रार्थनासभा असेल, तर तिला प्रार्थनासभाच म्हणावे. ज्याला मदत केली त्याचे छायाचित्र व नाव त्याच्या संमतीविना छापू नये.

माध्यमांवरही जबाबदारी आहे. अफवेवर आधारलेले 'आमिष', 'सक्ती' यांसारखे शब्द शीर्षकात घालण्यापूर्वी दुसऱ्या बाजूला विचारणे, हा पत्रकारितेचा प्राथमिक नियम आहे. असा एक शब्द शीर्षकात चुकीने पडला, तर त्याची किंमत पत्र्याच्या छपराखाली प्रार्थनेसाठी जमणाऱ्या एखाद्या लहान गटाला मोजावी लागते. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर आलेला खुलासा ती भरून काढू शकत नाही.

९. सारांश

'ख्रिस्तपुराणा'पासून 'सुवार्ता'पर्यंतच्या प्रवासात मराठी ख्रिस्ती लेखन ज्या ज्या वेळी श्रोत्याच्या ओळखीच्या भाषेत व श्रोत्याच्या प्रश्नांविषयी बोलले, त्या त्या वेळी ते समाजाचे झाले. 'ज्ञानोदया'ने वादही घातले आणि मुक्ता साळवे यांना जागाही दिली; यांपैकी दुसरे काम अधिक टिकले. वसईत पाण्याच्या प्रश्नाने दोन समाज एका आंदोलनात आणले. नवी मुंबईत बोली व भूमीचा तसा जुना आधार नसल्याने तेथील चर्चना मराठीशी आणि स्थानिक माध्यमांशी नाते जाणीवपूर्वक जोडावे लागेल. उपदेशाची भाषा आणि बातमीची भाषा यांतील भेद ओळखणे ही त्याची पहिली पायरी आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'ज्ञानोदय' या नियतकालिकातून मिळणारे दोन धडे आपल्या शब्दांत लिहा.
२. 'साक्ष', 'मंडळी', 'पाळक' या शब्दांच्या अर्थभेदाची चर्चा करा. अन्य धर्मपरंपरेतील असे तीन शब्द शोधा.
३. हरित वसई आंदोलनाच्या भाषेचे वैशिष्ट्य स्पष्ट करा.

उपक्रम

आपल्या परिसरातील कोणत्याही धार्मिक संस्थेची एक सूचना मिळवा. तिच्यातील सर्वपरिचित, दुहेरी अर्थाचे व अंतर्गत पारिभाषिक शब्द वेगळे करा. त्याच सूचनेवरून स्थानिक वृत्तपत्रासाठी साठ शब्दांची बातमी तयार करा. ती त्या संस्थेशी संबंध नसलेल्या एका शेजाऱ्याला वाचून दाखवा आणि त्याने विचारलेल्या शंका नोंदवा.